बारीक आच

१

पाइप जोडून झाले की गॅस सोडण्याआधी त्यांत हवा भरायची आणि गप्प बसून राहायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात कंटाळवाणा भाग. काचेच्या वाकड्या नळीत पाणी असतं. नळीचं एक टोक पाइपला लावायचं, हातपंपाने हवा मारायची, पाणी खुणेपर्यंत चढलं की थांबायचं आणि दहा मिनिटं त्या पाण्याकडे बघायचं. पाणी उतरलं तर पाइप कुठंतरी गळतोय. नाही उतरलं तर तुम्ही चहा प्यायला मोकळे.

तेवीस वर्षं मी हे करतोय. पाइप किती लांब आहे ते बघितलं की पंप किती वेळा दाबावा लागेल हे मी आधीच सांगतो, आणि सहसा चुकत नाही. ताईच्या नव्या घरात मी सोळा मीटर पाइप टाकला होता, सगळा भिंतीच्या बाहेरून, डोळ्यांना दिसेल असा. मागच्या खोलीतल्या मीटरपासून स्वयंपाकघरातल्या शेगडीपर्यंत एक फाटा आणि त्याच मागच्या खोलीत बॉयलरपर्यंत दुसरा. सात वेळा, फार तर आठ वेळा पंप दाबला की पाणी खुणेवर यायला हवं होतं. त्या सकाळी एकतीस वेळा दाबावा लागला.

आठव्या वेळी पाणी जेमतेम हललं तेव्हा मी पंपाला शिव्या दिल्या. पंधराव्या वेळी स्वतःला दिल्या. एकतिसाव्या वेळी ते खुणेवर आलं आणि तिथंच थांबलं. दहा मिनिटं बघितलं, मग आणखी दहा. केसभरही उतरलं नाही. गळती नव्हतीच. पाइप घट्ट होता, फक्त त्यात माझ्या अंदाजाच्या चौपट हवा मावली होती.

२

दुपारी चारला बाळ घरी येणार होतं. माझ्या भाचीची मुलगी, म्हणजे माझी नातच. साडेसात महिने भरले तोच जन्मली, मुठीएवढी. एकवीस दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती आणि आता ती पेटी दुसऱ्या कुणासाठी हवी होती. डॉक्टरीणबाईंनी ताईला समोर बसवून बजावलं होतं की खोली उबदार हवी, दिवसरात्र सारखी उबदार. एक रात्र जरी गारठ्यात गेली तरी मी कशाचीच खात्री देणार नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि बाहेर असा गारठा पडला होता की अंगणातल्या बादलीवर बर्फाचा पापुद्रा धरत होता.

जुनं घर ताईने आठवड्यापूर्वी रिकामं करून दिलं होतं. हे नवं घर आठ महिने बंद होतं, भिंतींना हात लावला तर हात मागे यायचा. विजेचा हीटर लावून बघितला, तर तासाभरात वायर तापून फ्यूज उडाला. माझी खोली चौथ्या मजल्यावर, ओल धरलेली. तिथं माझाच खोकला हटत नाही. तेव्हा बॉयलर चारच्या आत सुरू होणं आणि नीट सुरू होणं, यावर सगळं अडलं होतं. आदल्या दिवशी दवाखान्यात जाताना ताई म्हणाली, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. असली वाक्यं माणसाच्या मानगुटीवर बसतात.

ताई आणि भाची दवाखान्यात होत्या. घरात मी आणि ताईचे यजमान, आमचे दाजी. दाजी निवृत्त झाल्यापासून प्रत्येकाच्या कामात मदत करतात. मदत म्हणजे पाना मागितला की हातोडी देतात आणि हातोडी मागितली की गोष्ट सांगतात.

३

आधी पंपावर संशय घेतला. मीटरभर लांबीचा सुटा तुकडा दोन्हीकडून बंद करून त्यात हवा मारली. अर्ध्या दाबात पाणी खुणेवर. पंप ठणठणीत होता.

मग मीटरपासून पाइपवरून हात फिरवत चाललो. जोड मोजले. अकरा. मी अकराच केले होते. परत उलटा आलो, तरी अकरा. मधेच कुठं जुना फाटा असता तर गोष्ट वेगळी, पण जुनं काही नव्हतंच. सगळा माल माझ्या हाताने गाडीतून उतरवलेला.

दाजींनी विचारलं, काय हरवलं का? मी आकडा सांगितला. ते जरा विचार करून म्हणाले, जास्त मावली तर चांगलंच की, गळत तर नाही ना? मला नेमकं हेच कुणीतरी म्हणायला हवं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, मला मात्र अडाण्याच्या शब्दाचा आधार वाटला.

दहा वाजता मी मीटरचा वॉल्व उघडला. पाइपातली हवा काढून दिली, शेगडी पेटवून बघितली. स्वच्छ निळी ज्योत. शेगडी बंद केली आणि मागच्या खोलीत येऊन मीटरकडे बघितलं.

मीटरवर एक बारकी लाल सुई असते. घरात कुठंच गॅस जळत नसेल तर ती मेल्यासारखी पडून असते. ती फिरत होती.

घड्याळ लावलं. एका फेरीला साडेचार मिनिटं. कधी साडेचाराची चार झाली नाही की पाच झाली नाही. गळती अशी नसते. गळती कमीजास्त होते, तिला शिस्त नसते. हा वेग मला तोंडपाठ आहे. शेगडीचा सगळ्यात लहान बर्नर अगदी बारीक आचेवर ठेवला की सुई अशी फिरते.

अकराच्या अकरा जोडांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. वास नाही. बॉयलरच्या मागचा जोड बघायला वाकलो तेव्हा माझं कोपर धुराच्या पाइपला टेकलं, आणि मी कोपर काढून घेतलं. पाइप कोमट होता. त्या बॉयलरमध्ये अजून एकदाही ज्योत पेटलेली नव्हती.

४

उन्हाने तापला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. बाहेर ऊन नव्हतं. मग म्हटलं, माझंच कोपर गार असेल. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कुणाची मदत लागत नाही.

वॉल्व बंद केला आणि पुन्हा हवेची परीक्षा लावली. या वेळी पाणी खुणेवर टिकेना. हळूहळू, एका वेगाने उतरत गेलं. सकाळी घट्ट असलेला पाइप आता कुठंतरी उघडा होता. पुन्हा साबणाचं पाणी, पुन्हा अकरा जोड, पुन्हा काही नाही. दाजी दारात उभे राहून बघत होते. त्यांनी मला घाम पुसायला रुमाल दिला. त्या थंडीत मला घाम आला होता, हे मला तेव्हा कळलं.

बाराला पुन्हा गॅस सोडला. सुई फिरायला लागली, तीच साडेचार मिनिटांची फेरी. धुराच्या पाइपला हात लावला. पाइप गार झाला होता. पाच मिनिटांनी लावला, दहा मिनिटांनी लावला. गारच.

तिथं, हात पाइपवर असताना, मला माझ्या उस्तादांचा आवाज आठवला आणि माझी पाचावर धारण बसली.

उस्तादांचा एक नियम होता. वॉल्वला हात लावण्याआधी घराला हाक मारायची. बंद करतोय, म्हणून ओरडायचं. सोडतोय, म्हणून ओरडायचं. प्रत्येक खोलीतून हो आलं की मगच वॉल्व फिरवायचा. कारण तुम्ही गॅस बंद केलात की कुणाची तरी ज्योत विझते, बटण मात्र उघडंच राहतं. मग तुम्ही गॅस सोडलात की तो न जळता खोलीत भरत जातो. मीटरला काय, जळलेला गॅस आणि न जळलेला गॅस सारखाच. उस्तादांचा एक कान अशाच एका घरात गेला होता. तो नियम मी तेवीस वर्षं पाळला, आणि त्या दिवशी पाळला नाही, कारण घरात दाजींशिवाय कुणी नव्हतं आणि दाजी माझ्या शेजारीच उभे होते.

मगाशी कुठंतरी बारीक आच जळत होती. मी ती विझवली होती. आणि आता त्याच बर्नरमधून कुठल्यातरी खोलीत नुसता गॅस जात होता, दहा मिनिटं झाली.

मी वॉल्व झटकन बंद केला.

५

धुराच्या पाइपला, बॉयलरपासून हातभर वर, एक वाटोळं झाकण असतं. आत काजळी साचली का ते बघायला. मघाची ऊब याच पाइपात आली होती, म्हणून ते मी उघडलं. दाजी स्वयंपाकघरात चहा करायला गेले होते. गॅस नाही हे कळल्यावर ते परत येतील, त्याआधी मला हे उरकायचं होतं. पाइपाशी बोलताना कुणी बघितलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तोंड झाकणाशी नेऊन मी म्हणालो, "गॅस गेलाय. बटण बंद करा. खोली मोकळी करा."

माझाच आवाज वर गेला आणि परत आला नाही. पाइपात आवाज घुमतो. हा घुमला नाही, बिऱ्हाड मांडलेल्या खोलीत बोलावं तसा विरून गेला.

तरी मी आपला नेम सोडला नाही. पंप घेतला, हवा मारली. एकतीस वेळा. पाणी खुणेवर आलं आणि घट्ट उभं राहिलं. कुणीतरी बटण बंद केलं होतं.

माझा जीव भांड्यात पडला, हे आधी सांगतो. कुणाचा तरी जीव वाचला म्हणून हायसं वाटलं. ते कोण, कुठं, हे प्रश्न नंतर आले. अर्धा तास थांबलो, त्यांच्या खोलीतला गॅस निघून जावा म्हणून. मग झाकणाशी जाऊन सांगितलं की सोडतोय, आणि वॉल्व उघडला. सुई पडून होती. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. मग ती सुई जागची हलली आणि तिच्या त्या ठरलेल्या चालीने निघाली. थोड्या वेळाने पाइप माझ्या तळव्याखाली कोमट व्हायला लागला.

दाजी गार पाण्याचा पेला घेऊन दारात आले होते. त्यांनी किती ऐकलं होतं, कुणास ठाऊक. ते नुसतं म्हणाले, चहा राहू दे.

६

माझ्या पिशवीत दांड्याचा छोटा आरसा असतो. पाइपाच्या आत तो तिरका धरला की वरचं दिसतं. धुराचा पाइप मी आदल्याच दिवशी बसवला होता. पाच तुकडे, एकावर एक, सरळ छपराबाहेर, वर टोपी. आरशात वर नाण्याएवढं आभाळ दिसायला हवं.

आरशात पिवळा उजेड दिसला. दिव्याचा, दिवसाचा नाही. त्या उजेडात एक हात आला. मोठ्या माणसाचा, बाईचा असावा, बोटं कामाने फुगलेली. हातात घडी केलेलं पांढरं फडकं होतं. हाताने ते कशावर तरी धरलं, उलटसुलट केलं, आपल्याच मनगटावर टेकवून किती गरम झालंय ते बघितलं, आणि फडकं घेऊन हात निघून गेला. जाताना घाईत नव्हता, पण रेंगाळलाही नाही. दुसरं फडकं घेऊन तो परत आला.

मी आरसा काढून घेतला. माझ्या मागे, पलंगावर, ताईने दवाखान्यातून पाठवलेली तशीच फडकी पडली होती. बाळाला शेक द्यायला, धुऊन, घडी करून.

बारीक आच दिवसभर कोण ठेवतं, हे मला मघाच कळायला हवं होतं. भांडं चढवलं की माणूस आच मोठी करतो, उतरवलं की बंद करतो. दिवसभर बारीक आच तोच ठेवतो ज्याच्याकडे खोली गरम ठेवायला दुसरं काही नाही, आणि ज्याच्याकडे ऊब लागणारं कुणीतरी आहे.

७

दोन वाजले होते. धुराची परीक्षा बाकी होती. बॉयलर पेटवण्याआधी त्याच्या तोंडाशी धुराची वडी जाळायची, धूर पाइपात ओढला जातो का आणि वर टोपीतून बाहेर पडतो का ते बघायचं. ती परीक्षा न करता बॉयलर लावणारा फिटर मी नाही. आणि खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत होतं, तरी बघायचं होतं.

दाजींना छपरावर चढवलं. त्यांच्या गुडघ्यांनी कुरकुर केली, त्यांनी केली नाही. वडी पेटवली. पांढरा दाट धूर निघाला आणि पाइपाने तो असा ओढून घेतला की खोलीत एक धागा राहिला नाही. इतकी चांगली ओढ मी क्वचित बघितली आहे. फोनवर दाजींना विचारलं, दिसतोय का? ते म्हणाले, लाव ना मग. लावलाय, मी म्हणालो. ते टोपीशी सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले की टोपीवर हात ठेवलाय, टोपी गार आहे आणि इथं काहीच येत नाही.

वडी संपेपर्यंत धूर आत जात राहिला. आणि झाकणातून, फार लांबून, कुणीतरी खोकल्याचा आवाज आला. एकदाच. भांडं घाईने सरकवल्याचा आवाज आला. सुई थांबली.

मी दोन्ही हात डोक्याला लावून खाली बसलो. बऱ्याच वेळाने सुई पुन्हा निघाली.

आता सगळं सरळ होतं, आणि तेच वाईट होतं. या बॉयलरचा धूर वर जाणार नव्हता. तो तिकडे जाणार होता, त्या खोलीत. वडीचा धूर दिसतो, खोकला येतो, माणूस सावध होतो. बॉयलरचा दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. माणसाला नुसती झोप येते.

८

दाजी खाली आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. सुई, हात, फडकं, खोकला. ते मला वेड्यात काढतील, असं वाटलं होतं. त्यांनी काढलं नाही. ते पलंगावर बसले आणि फडक्यांची घडी पुन्हा घालायला लागले, आधीच घातलेली घडी.

मी पाइप उपटून नवा मार्ग काढायचं म्हणालो, भिंत फोडून, बाजूने. त्याला दोन दिवस लागले असते. बाळाला परत दवाखान्यात न्यायचं म्हणालो. पेटी सकाळीच दुसऱ्याला दिली होती. मी एकेक पर्याय काढत होतो आणि दाजी मान हलवत होते. तीन वाजून वीस मिनिटांनी ताईचा फोन आला. निघालोय, ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात इतका आनंद होता की मी नुसतं, या, म्हणालो.

फोन ठेवल्यावर दाजी म्हणाले, "तिकडे कोण आहे ते मला माहीत नाही. इकडे कोण येतंय ते मला माहीत आहे."

मी झाकणाशी गेलो. आता दाजींची लाज वाटत नव्हती. मी सांगितलं की अर्ध्या तासात बॉयलर लावतोय, त्याचा धूर तुमच्याकडे येणार, तो दिसणार नाही. बाळाला घ्या आणि बाहेर पडा. बाहेर पडताना बटण बंद करा, म्हणजे मला कळेल.

सुई थांबली.

मी दाजींकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही, पण घेतलं.

मिनिटभराने सुई सुरू झाली. मग थांबली. मग सुरू झाली. मग थांबली. त्यांच्याकडे बोलायला दुसरं काही नव्हतं, ते बटणच होतं. मी मोजत राहिलो, कशाची खूण असेल का म्हणून. पण ती खूण नव्हती. दार सापडू नये आणि माणूस भिंतीला हात लावत फिरावा, तशी ती चालू-बंद होत होती. शेवटी सुई सुरू झाली आणि सुरूच राहिली. आच बारीक, आधीएवढीच. बाहेर पडायला जागा असती तर ते पडले असते. बाहेर गारठा असेल, किंवा बाहेर असं काही नसेलच.

"बाहेर पडा," मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

चारला दहा मिनिटं होती तेव्हा रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. मी बॉयलर पेटवला. मला कुणी हात धरून तो पेटवायला लावला नाही. दाजी तर तेव्हा दार उघडायला गेले होते. खोलीत मी एकटाच होतो.

ज्योत एका झटक्यात, सुरेख लागली.

९

बाळ आलं तेव्हा बॉयलरचं गरम पाणी ज्यांतून खेळतं त्या पुढच्या खोलीतल्या लोखंडी पाट्या हाताला ऊब लागेल इतक्या तापल्या होत्या. साडेचारपर्यंत खिडक्यांच्या काचांवर दव धरलं. विषारी वायू मोजायचं यंत्र मी पाळण्याजवळ धरलं, पलंगाखाली धरलं, छताशी धरलं. सगळीकडे शून्य. तेवीस वर्षांत असं स्वच्छ घर मी बघितलं नव्हतं. सगळं पलीकडे जात होतं.

भाचीने बाळाचं दुपटं सैल केलं आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलं. पायांची बोटं तांदळाएवढी, निळसर होती. बघता बघता ती गुलाबी झाली. मी ते पाय मुठीत धरून बसलो. मला भीती वाटत होती आणि स्वतःची किळस येत होती. आणि त्या मुठीत मला इतकं बरं वाटत होतं की डोळ्यांतून पाणी आलं. हे सगळं एकाच वेळी वाटू शकतं, हे मला आधी माहीत नव्हतं. ताईने माझे डोळे पुसले आणि म्हणाली की माझा भाऊ लहानपणापासून असाच हळवा.

पाचच्या सुमारास खोली पुरेशी तापली आणि बॉयलर आपोआप विसाव्याला थांबला. शेगडी बंद होती. मी मागच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

सुई फिरत होती. साडेचार मिनिटांची फेरी.

झाकण उघडून मी हाक मारली. बटण बंद करा, म्हणालो. दुपारी त्यांना दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. मी दहा मिनिटं थांबलो. आणखी जोरात हाक मारली, आणखी दहा मिनिटं थांबलो. सुई फिरत राहिली. आरसा हातात घेतला आणि परत पिशवीत टाकला. तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. आतून करपल्याचा वास मात्र आला, कापडाचा. आचेवर धरलेलं फडकं कुणी उचललं नव्हतं.

बॉयलर पुन्हा पेटला. मोठ्या ज्योतीबरोबर सुई भराभर फिरायला लागली आणि ती बारकी चाल त्यात बुडून गेली. बॉयलर चालू असेपर्यंत बघणाऱ्याला वेगळं काही दिसलं नसतं. मी झाकण बसवलं, चारी स्क्रू आवळले, कडेने चिकट लेप लावला.

मग दाखला भरायला बसलो. बॉयलर लावला की हा कागद भरून घरमालकाला द्यावाच लागतो. पाइपची लांबी, सोळा मीटर. जोड, अकरा. गळती, नाही. या पाइपवर एकूण उपकरणं किती? दोन, असं मी लिहिलं. तेवढं एक खोटं लिहिलं. खाली शेवटचा प्रश्न होता, जळलेल्या गॅसचा धूर घराबाहेर जातो का? मी हो लिहिलं आणि सही केली.

ताई दारात आली होती, बाळाला खांद्यावर घेऊन. बाळ गाढ झोपलं होतं. तिने कागद हातात घेतला, वाचला नाही, माझ्या हातचं काम ती कधीच तपासत नाही. बॉयलरकडे बघून हळू आवाजात तिने विचारलं, "रात्री थोडा वेळ बंद ठेवू का? खोली चांगली तापलीय."

"नको," मी म्हणालो. "तो बंद करूच नकोस."